पॉटीचा मुहूर्त

बारसं बाराव्या दिवशी. उष्टावण मुलगा असेल तर सम महिन्यात, मुलगी असेल तर विषम. जावळ विषम वर्षी. मराठी घरात बाळाच्या प्रत्येक पहिल्या गोष्टीची वेळ ठरलेली असते. सोळा संस्कार सांगणाऱ्यांनी कान टोचण्यापर्यंत सगळ्याची सोय करून ठेवली आणि सोलापूरचं दाते पंचांग मुहूर्तांच्या याद्या दर वर्षी छापत आलं. पण मुलाला पहिल्यांदा पॉटीवर कधी बसवायचं याबद्दल पंचांग गप्प आहे. जिथे पंचांग गप्प असतं, तिथे नातेवाईक बोलतात.

पहिला मान अर्थात आजीचा. “आमचा हा नऊ महिन्यांचा असताना सांगायला लागला होता.” यातला ‘हा’ आता पस्तिशीचा असतो, समोरच चहा पीत असतो आणि आपली साक्ष काढली जाऊ नये म्हणून मोबाइल जरा वर धरतो. त्याचा स्वतःचा मुलगा सव्वादोन वर्षांचा, अजून डायपरात. सून म्हणते, “आई, डॉक्टर म्हणालेत घाई करू नका. तो तयार झाला की आपणहून सांगेल.” यावर आजीचं उत्तर असं, की मग अंघोळीचंही तोच सांगू दे, दात घासायचंही तोच सांगू दे, आपण सगळे बसून राहू. आजोबांना विचारलं तर त्यांना त्यांच्या मुलाची शू कधी थांबली ते आठवत नाही. आठवायला आधी माहीत असावं लागतं.

या भांडणात दोघी खरं बोलत असतात. आजीच्या घरात ते खरोखर नवव्या महिन्यात व्हायचं आणि सुनेच्या घरात ते खरोखर तिसऱ्या वर्षापर्यंत लांबतं. दोघींच्या मधल्या तीस-पस्तीस वर्षांत मुलांची मूत्राशयं बदललेली नाहीत. धुणं बदललं.

आजीची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती सांगायला नको; पण ज्यांचा जन्मच डायपर-पॅन्ट्सच्या पाकिटानंतरचा आहे त्यांच्यासाठी सांगायला हवी. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं, मान धरायला लागलं, की आजी मोरीत पाटावर बसायची, पाय पुढे करायची आणि बाळाला पावलांवर बसवायची. मग ओठांतून बारीक ‘श्शू’ असा आवाज. झोपेतून उठल्यावर एकदा, दुधानंतर एकदा, अंघोळीआधी एकदा. दुधानंतरची वेळ तर सहसा चुकायची नाही. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, याला वैद्यकात गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. आजीने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. तिने वेळ तेवढी धरून ठेवली होती.

एवढी मेहनत कशासाठी? दुपट्यांसाठी. जुन्या धोतराची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारीची दुपटी आणि लंगोट दिवसभर बदलायचे, बादलीत भिजवायचे, हाताने धुवायचे, उन्हात घालायचे. श्रावणात ऊन नसायचं. मग घरभर दोऱ्या, आणि शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी सुकवायची. घरात शिरणाऱ्या पाहुण्याला ओवा-शेपांच्या धुरीचा आणि ओल्या दुपट्यांचा एकत्रित वास यायचा आणि काही न विचारता कळायचं की इथे तान्हं बाळ आहे. अशा घरात एक शू मोरीत गेली की एक दुपटं वाचायचं. हिशेब इतका सरळ होता.

आता सूनबाईंची शंका अशी, की नऊ महिन्यांचं मूल ‘सांगतं’ म्हणजे काय करतं? त्याला तर ‘मम्मम’पलीकडे काही बोलता येत नाही. तर ते रांगता रांगता थांबतं, अंग जरा आखडतं, नजर कुठेतरी दूर लावतं. आजी हातातलं वाटण टाकून त्याला उचलते आणि मोरीकडे धावते. म्हणजे तयार कोण झालं, मूल की आजी? आधी आजी, मग हळूहळू मूल. सवय दोघांना लागते. पण त्यासाठी मुलाच्या चेहऱ्याकडे दिवसभर बघणारं एक माणूस घरात लागतं, आणि ते माणूस दोन पगारांच्या, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी साडेनऊनंतर नसतं. असतं तेव्हा ते मीटिंगमध्ये असतं.

आजीला पाठिंबा थेट आफ्रिकेतून मिळतो. केनियाच्या किनाऱ्यावर डिगो नावाचा समाज आहे. डी व्रिस आडनावाच्या दोन संशोधकांनी 1977 साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात या समाजातल्या आयांविषयी लिहिलं. डिगो आया बाळ दोन-तीन आठवड्यांचं असताना सुरुवात करतात, त्याला पायांत धरून बसतात आणि तोंडाने ‘शू’सारखाच आवाज काढतात. पाच-सहा महिन्यांत मूल बऱ्याच अंशी दिवसा-रात्री कोरडं राहतं. केनियातली आजी आणि कऱ्हाडची आजी एकमेकींना कधी भेटल्या नसताना दोघींनी तोच आवाज शोधून काढला. तो आवाज पाण्याच्या धारेचा आहे, त्यामुळे फार शोधावाही लागला नसेल.

पुढे अमेरिकेत लॉरी बुकी या लेखिकेने याच पद्धतीवर पुस्तकं लिहिली. तिला ही युक्ती भारतातून आलेल्या एका पाहुणीकडून कळली होती. आज या पद्धतीला तिकडे इंग्रजी नाव आहे, शिकवणीचे वर्ग आहेत आणि खास चड्ड्या आहेत. आजीला यातून मानधन मिळालेलं नाही. उलट लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलेल्या आजीची तिथे पंचाईत होते. बाथरूम आहे, मोरी नाही. टब आहे, पाट नाही. बाकीच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. अशा घरात नातवाला पायांवर घ्यायचं तर रिकाम्या टबात उतरून बसावं लागतं, आणि त्याच वेळी जावई आत डोकावतो.

तरी अमेरिकेतही एके काळी याच आजीचं राज्य होतं. तिथल्या सरकारच्या चिल्ड्रन्स ब्युरोने 1914 साली ‘इन्फंट केअर’ नावाची पुस्तिका काढली. तिच्यात शी ठरल्या वेळी करवण्याची सवय तिसऱ्या महिन्यापासूनही लावता येईल असं सांगितलं होतं आणि कारणही लपवलं नव्हतं: लंगोटांची धुलाई कमी व्हावी. 1930 च्या दशकातल्या आवृत्तीत तर रोजच्या ठरल्या वेळेत पाच मिनिटांचाही फरक पडू नये असा दंडक आला. तेवढी वेळ तर पोस्टाची गाडीही पाळत नाही. हे सगळं पाळायचं होतं, कारण लंगोट उकळून धुवायचे होते आणि ते उकळणारीच ही पुस्तिका वाचत होती.

मग घरोघर कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि सल्ला मऊ पडला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं 1946 चं प्रसिद्ध पुस्तक आयांना सांगू लागलं की जरा दमानं घ्या. 1961 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने पॅम्पर्स बाजारात आणलं. ते तयार करण्यामागे होते कंपनीचे अभियंते व्हिक्टर मिल्स, ज्यांना नातवंडांचे लंगोट बदलण्याचा कंटाळा होता. इतिहासात आजोबांनी हातभार लावल्याची ही एक नोंद म्हणावी लागेल, आणि तीही काम टाळण्यासाठी. दुसऱ्याच वर्षी, 1962 मध्ये, डॉ. टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आपल्याकडे येणाऱ्या 1,170 मुलांचा अभ्यास छापला. मुलाच्या कलाने घ्या, दोन वर्षांच्या आसपास सुरू करा, नाही म्हणालं तर थांबा, असं त्यांचं सांगणं. त्या मुलांनी दिवसाची शी-शू सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांत आटोक्यात आणली होती. सुनेच्या डॉक्टरांचं ‘तो सांगेल’ हे वाक्य इथून आलेलं आहे.

पुढची कथा जरा अवघड वळणाची. 1998 मध्ये पॅम्पर्सने मोठ्या मुलांसाठी सहा नंबरचा डायपर काढला आणि त्याच्या जाहिरातीत खुद्द ब्रेझल्टन दिसले. जॉन रोझमंड या स्तंभलेखकाने टीकेची झोड उठवली. मूल दोन वर्षांच्या आत तयार झालं पाहिजे, असं रोझमंड यांचं म्हणणं. हे भांडण 1999 च्या जानेवारीत ‘न्यू यॉर्क टाइम्स’पर्यंत पोचलं. ब्रेझल्टन यांचा सल्ला या जाहिरातीपेक्षा छत्तीस वर्षांनी जुना होता, तेव्हा कंपनीने त्यांना विकत घेतलं म्हणणं अन्यायाचं आहे. पण ‘घाई करू नका’ हा सल्ला डायपर विकणाऱ्याला गोड लागतो हेही नाकारण्यात अर्थ नाही. 2002 साली मिलवॉकीच्या एका अभ्यासात निम्म्या मुलींना दिवसभर कोरडं राहायला साडेबत्तीस महिने लागल्याचं दिसलं, निम्म्या मुलग्यांना पस्तीस. तीन महिने, मग अठ्ठावीस महिने, मग पस्तीस महिने. प्रत्येक काळात शास्त्र पुढे केलं गेलं, पण वेळ ठरवली ती धुणं ज्याच्या वाट्याला आलं त्याने.

महाराष्ट्रात डायपर हळूच आत शिरला. 1990 च्या दशकात हगीज आलं, ज्याचं नाव घ्यायला मराठी दुकानदाराला कधी अडचण आली नाही. आधी ते फक्त लग्नाला जाताना. मग रात्रीच्या गाडीने गावाला जाताना. मग रात्री, कारण सकाळी आईला ऑफिस. मग दुपारी, कारण पाळणाघराच्या ताई म्हणाल्या. मग कायमचंच. आता बहुतेक घरांत डायपर हा चड्डीसारखा घालायचा असतो आणि त्याच्या आत अशी पांढरी भुकटी असते की जी स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी ओढून घेऊन जेली होते. मूल कोरडंच राहतं. हीच त्यातली मेख. ज्याला ओलं लागत नाही, त्याला शू झाल्याचं कळायचं कसं? दुपट्यातलं मूल शू झाली की भोकाड पसरायचं. डायपरातलं मूल पाऊण लिटरचा ऐवज कमरेला बांधून शांतपणे मनोरे रचत बसतं.

मग सुरुवात करायची कधी? बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सूर असा, की अठरा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान बऱ्याच मुलांमध्ये तयारीच्या खुणा दिसू लागतात. मूल दोन तास सलग कोरडं राहतं. साधी सूचना कळते. स्वतः चालत जाऊन बसतं, चड्डी खाली ओढू शकतं. घाण झालेला डायपर त्याला नकोसा होतो. फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये दाखवून दिलं की सत्तावीस महिन्यांआधी जोरात शिकवणी सुरू केली तरी ती फारशी लवकर संपत नाही, लांबते तेवढी. म्हणजे लवकर बसवलेलं आणि उशिरा बसवलेलं मूल बऱ्याचदा एकाच सुमारास उत्तीर्ण होतं. पहिल्याच्या आईने फरशी जास्त वेळा पुसलेली असते.

आणखी एक खूण तज्ज्ञांच्याही टिपणांत आहे आणि प्रत्येक घरात घडते. मूल अचानक दिसेनासं होतं. पडद्यामागे, सोफ्याच्या कोपऱ्यात किंवा जेवणाच्या टेबलाखाली ते उकिडवं बसलेलं सापडतं, चेहरा लाल, एका हाताने टेबलाचा पाय धरलेला. “काय करतोस?” या प्रश्नाला “जा!” असं उत्तर मिळतं. याचा अर्थ त्याला आता कळतं की काहीतरी येतंय आणि ते चारचौघांत करायचं नसतं. डायपर सोडून बाकी सगळं शिकून झालं.

आणि बोलणं. पहिल्यांदा मूल भूतकाळात बोलतं: “शी झाली.” काही आठवड्यांनी वर्तमानकाळ येतो: “शी होतेय.” सगळ्या घराची नजर भविष्यकाळाकडे लागलेली असते. “शी येणाराय” हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येतं ते नेमकं एक्स्प्रेस-वेच्या मधोमध.

खुणा दिसल्या, तरी मुहूर्त उरतोच. तज्ज्ञ सांगतात की घरात मोठी उलथापालथ असताना सुरू करू नका: नवं भावंड, नवं घर, नवी शाळा, आजारपण. आता मराठी घराचं वर्ष बघा. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू. जुलैत कपडे वाळत नाहीत. गणपतीत घरभर पाहुणे, शिवाय मखराखालची ती नवी सतरंजी. दिवाळीत चकल्या-शंकरपाळ्यांनी पोट बिघडलेलं. मग लग्नसराई. त्यानंतर मामाकडे. उरतात ते फेब्रुवारी अखेरपासून मे अखेरपर्यंतचे महिने, आणि अनुभवी आया याच महिन्यांवर बोट ठेवतात. ऊन कडक, चड्ड्या तासाभरात वाळतात, मूल नुसत्या चड्डीवर हिंडलं तरी सर्दी होत नाही आणि फरशी पुसली की लगेच कोरडी. होळी ते मृग हा पॉटीचा खरा सीझन. पंचांगात घालायला हरकत नसावी.

साधनांची गोष्ट निराळी. लोकांना वाटतं पॉटी हे आजचं खूळ आहे. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली मातीची, नक्षीदार पॉटी ठेवलेली आहे. उंच बैठक, पुढे मुलाचे पाय बाहेर काढायला जागा. एका ग्रीक भांड्यावर अशा पॉटीत बसलेल्या मुलाचं चित्रही आहे. आता बाजारात बेडूक, गाडी आणि गाणं म्हणणाऱ्या पॉट्या मिळतात. 2013 साली तर अमेरिकेतल्या एका कंपनीने पॉटीलाच टॅबलेट अडकवायची सोय केली आणि त्या वर्षाच्या सर्वांत वाईट खेळण्याचा किताब मिळवला. आपल्याकडे यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. समोर आजोबा मोबाइल धरून उभे असतात. हा सगळ्यात वाईट प्रकार आहे, कारण मूल गाण्यात रमतं, कामाचं विसरतं आणि वीस मिनिटांनी उठतं ते कोरडं.

खरं तर उकिडवं बसणं मुलांना मोठ्यांपेक्षा सहज जमतं. पण भारतीय पद्धतीच्या संडासातल्या पायऱ्यांचं अंतर मोठ्या माणसाच्या मापाचं असतं आणि मधल्या भोकाची मुलाला धास्ती वाटते. कमोडवर बसवलं तर पाय अधांतरी लोंबकळतात. पायाला आधार नसेल तर जोर लावता येत नाही. म्हणून बुटकी पॉटी बरी, किंवा कमोडवर छोटी सीट आणि पायाखाली काहीतरी. घरातला पाट इथे अजून कामाला येतो.

आता पद्धत. नेथन अ‍ॅझ्रिन आणि रिचर्ड फॉक्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ‘टॉयलेट ट्रेनिंग इन लेस दॅन अ डे’ हे पुस्तक काढलं आणि ते लाखांनी खपलं. आधीच्या वर्षी त्यांनी चौतीस मुलांवर प्रयोग केला होता. सरासरी वेळ लागला चार तासांच्या आत. पद्धत अशी: मुलाला भरपूर पेय पाजायचं, तहान लागावी म्हणून खारट खाऊ द्यायचा, शू करणारी बाहुली आणून तिला मुलाच्या हातून शिकवायचं, आणि चड्डी कोरडी असेल तर मनापासून कौतुक.

मराठी घरात हा प्रयोग रविवारी सकाळी होतो. वेफर्स आहेत, लिंबू सरबत आहे, भांडी घासणाऱ्या मावशींनी आणून दिलेली बाहुली आहे. मूल तीन ग्लास सरबत पितं. पॉटीवर बसतं. काही होत नाही. दारावर सिलिंडरवाला येतो. आजी म्हणते, “राहू दे गं, किती वेळ बसवशील, पाय दुखतील.” मूल उठतं, बाबांच्या मांडीवर जाऊन बसतं, आणि मग होतं. बाबांनी नेमकी पांढरी पॅन्ट घातलेली असते. त्या दिवशी तयार झालेली फक्त बाहुली असते.

बक्षिसाचा मार्गही तितकाच निसरडा. फ्रिजवर चांदण्या चिकटवणं ठीक आहे. पण जेम्सची एक गोळी ठेवली, की दोन दिवसांत मुलाला व्यापार कळतो. तीन थेंब केले, एक गोळी. चार मिनिटांनी पुन्हा तीन थेंब, पुन्हा गोळी. मूत्राशयावर इतका बारीक ताबा मिळवलेलं मूल अजून तयार झालेलं नाही असं त्याचीच आई डॉक्टरांना सांगत असते.

शूपेक्षा शी अवघड, हे सगळ्या आया जाणतात. 1997 मध्ये 482 मुलांच्या अभ्यासात दर पाचातलं एक मूल पॉटीत शू करायचं, पण शी करायला नाही म्हणायचं आणि डायपर मागायचं. यामागे हट्ट असतोच असं नाही. एकदा कडक होऊन दुखलं, की मूल पुढच्या वेळी रोखून धरतं, रोखलं की आणखी कडक होते, आणखी दुखतं. म्हणून अशा तक्रारीवर डॉक्टर आधी दुधाचे ग्लास मोजतात आणि फळं, भाज्या, पाणी विचारतात. इथे चापट, ओरडा, “शेजारचा आर्यन बघ कसा शहाणा” हे सगळं उलटं पडतं. मुलाला जबरदस्तीने बसवून ठेवू नये, काही आठवडे डायपर परत द्यावा आणि पोट आधी सुधारावं, हे आजीलाही पटवून द्यावं लागतं. आणि फ्लशचा आवाज नंतर करावा. आपल्याच अंगातून निघालेली वस्तू गडगडाट होऊन नाहीशी होताना बघून काही मुलं घाबरतात. बरीच घरं यावर तोडगा म्हणून तिला आधी टाटा करवतात.

शाळेने या सगळ्यात अंतिम तारीख आणली आहे. बऱ्याच प्लेग्रुपांच्या अर्जात मूल पॉटी ट्रेन्ड आहे का असा रकाना असतो, आणि आईबाप तिथे आशावादी उत्तर लिहितात. हा आशावाद जागतिक आहे. इंग्लंडमधल्या शिक्षकांच्या पाहण्यांत पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या साधारण चारातलं एक मूल यात तयार नसल्याचं दिसलं. अमेरिकेच्या युटा राज्याने तर 2024 मध्ये कायदाच केला: किंडरगार्टनला येणारं मूल शी-शूच्या बाबतीत तयार असलं पाहिजे. विधिमंडळाने या विषयावर मतदान केलेलं आजीला कळलं तर तिला लोकशाहीबद्दल काय वाटेल ते सांगता येत नाही.

रात्रीचं मात्र शिकवता येत नाही, आणि इथे आजी आणि सून दोघींनीही शांत राहावं. झोपेत लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं. ते आणि झोपेतून जाग येणं, दोन्ही मुलाच्या वाढीबरोबर येतं. पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण पंधरा टक्के मुलं अजून गादीवर नकाशे काढत असतात. डॉक्टर पाच वर्षांपर्यंत याला आजार मानत नाहीत, आणि त्यानंतरही दर वर्षी यातली साधारण पंधरा टक्के मुलं उपचाराविना कोरडी होतात. दिवसा नीट असलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, किंवा लघवी करताना दुखत असेल, तर डॉक्टरकडे जावं. बाकी गादी गच्चीत वाळत घालताना ओला भाग आतल्या बाजूला ठेवावा, एवढं मुलासाठी करता येतं.

राहिला प्रश्न धुण्याचा. ते आजीच्या हातून सुटलं आणि यंत्राकडेही गेलं नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं की वापरलेले डायपर उत्पादकाने दिलेल्या पिशवीत किंवा नीट गुंडाळून वेगळे टाकावेत. उत्पादकाने दिलेली अशी पिशवी कुणाला पाकिटात सापडली तर त्याने ती आठवण म्हणून जपून ठेवावी. प्रत्यक्षात हे डायपर उघडे, जड, ओल्या कचऱ्यात मिसळून कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात पडतात. तिने ते हाताने वेगळे करायचे. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने यासाठीच लाल ठिपक्याची मोहीम चालवली: असा कचरा कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे न उघडता कळेल.

तेव्हा ज्यांच्या घरी मुहूर्त अजून लागलेला नाही, त्यांनी शी आधी संडासात टाकावी, डायपर घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळावा, वर ठसठशीत लाल ठिपका काढावा आणि तो वेगळा द्यावा. लाल खडू मुलाच्या खेळण्यांत सापडेल.